मुकेशचा खेकडा

पंचफुला : चहाचं मंग पाहू. तू पयले काचेच्या पेटीपाशी ये. तुले फोन त्याच्यासाठीच केला.

सुप्रिया : येते, आई. केनवडपासून जीपमध्ये उभ्यानंच आले, पाय भरून आले. काय झालं खेकड्याला?

पंचफुला : बाहीर येऊन नाही राह्यला. मुकेशची तेरवी झाल्यावर तू माहेरी गेली, तवा कसा तुरुतुरु फिरे तो, आठोते ना? शंख पाठीवर घेऊन. चिमटीनं खायले टाकलं का पाय बाहीर काढे. आता काहीच नाही.

सुप्रिया : आणि मासे?

पंचफुला : ते गेले. पयले एक, मंग दुसरा. म्हनलं तुले कायले सांगाव, तू तिकडं रडून राह्यली असशीन. मेथीच्या वाफ्यात पुरले मी त्याईले. शेजारची लिलाबाई म्हने, रश्शात टाकले असते त कामी आले असते. लय दिवस बोलली नाही मी तिच्यासंग.

सुप्रिया : लिलाबाई पहिल्या दिवशीच विचारत होत्या, याची भाजी कशी करतात म्हणून. यांनी किती जपून आणले होते ते. रत्नागिरीहून रिसोडपर्यंत दुधाची कॅन मांडीवर. कंडक्टर म्हणाला, गंगाजल आहे का?

पंचफुला : बर्फाच्या कारखान्यात नोकरी, अन् सुट्टीच्या दिवशी हे धंदे. मी म्हनलं, लोकं कोकणातून आंबे आनतेत, तू खेकडे आनतो.

सुप्रिया : ओहोटी लागली की खडकांत जायचे. मलाही न्यायचे. डबक्यातलं जे आपणहून हातावर येईल तेवढंच घ्यायचे. दगडाला धरून बसलेलं कधी ओढलं नाही त्यांनी.

पंचफुला : होव. त्याच्या हातचं जितं असं एवढंच राह्यलं आता. म्हनून त तुले बलावलं. तुले त्यातलं समजते. पाह्य बरं, आजारी हाय का तो?

सुप्रिया : कधीपासून आत आहे?

पंचफुला : लय दिवस झाले. मुकेश म्हने, कात टाकाची असली का लपून बसते, हात लावू नको. नाही लावला.

सुप्रिया : आई, काचेवर हा पांढरा थर कशाचा?

पंचफुला : मिठाचा असन. पुसला तरी येते. उन्हाचं पेटीतलं पानी भलतंच उतरते. उतरलं का त्यानं आनलेल्या पुड्यातलं समुद्राचं मीठ मापानं घोयून पुन्हा भरत होती मी. एक रोज चुकवला नाही.

सुप्रिया : मिठाचंच? दरवेळी?

पंचफुला : मंग? गोडं पानी टाकू नको, मरतीन, असं तोच बोलला. दवाखान्यातून फोन केला तवा. त्याच्यानंतर कुठं बोलला तो माह्यासंग?

(सुप्रिया पेटीत हात घालून शंख काढते, उलटा करून पाहते आणि ओढणी नाकाला लावते.)

पंचफुला : काय वं?

सुप्रिया : यंदा ऊन फार आहे, आई. उन्हानंच झालं असेल.

पंचफुला : गेला?

सुप्रिया : हो.

पंचफुला : उन्हानं झालं म्हनतं, मंग माह्याकडं काऊन पाहून नाही राह्यली? सरक. मले बोट बुडवू दे.

सुप्रिया : तोंडात नका घालू, आई.

पंचफुला : बाप्पा. रत्नागिरीले तुमी मले नेलं, तवा लाटेचं पानी गेलं होतं तोंडात. ते असं नोतं. हे त जिभेले चावते. मीठ त मापानंच टाकलं मी.

सुप्रिया : माप बरोबर होतं. पण उन्हानं नुसतं पाणी उडतं, मीठ आतच राहतं. त्यावर तुम्ही परत मिठाचं टाकलं.

पंचफुला : बोरच्या पान्यानं वाफ्यावर पांढरं येते, तसं?

सुप्रिया : तसंच.

पंचफुला : वाफ्यात पांढरं दिसलं का मी मानसाले कामाले लावते, रोपं जयतीन म्हनून. अन् हे काचेवरचं पुसत बसली.

सुप्रिया : यांनी सांगितलं तेच तुम्ही केलं.

पंचफुला : म्हंजे त्यानं चुकीचं सांगतलं?

सुप्रिया : चुकीचं नाही. पेटीतलं पाणी काढून दुसरं भरायचं असलं तर मिठाचंच लागतं. उडून कमी झालं असलं तर साधं टाकायचं. ते अर्धंच सांगून झालं. दम लागत होता त्यांना.

पंचफुला : तो सांगून राह्यला होता पुढचं.

सुप्रिया : काय?

पंचफुला : ‘अन् आई, आयक,’ असं म्हनला. मीच थांबवलं त्याले. म्हनलं, बाबू, बोलू नको आता, आराम कर. बाकीचं घरी आल्यावर सांगजो.

सुप्रिया : आई, इथं बसा.

पंचफुला : घरी आल्यावर सांगजो म्हनलं मी त्याले, सुप्रिया.

सुप्रिया : त्यांचा आवाज ऐकून मीही तेच म्हणाले असते.

पंचफुला : तू नसती म्हनली. तू आयकलं असतं. आन तो शंख माह्याजवळ.

सुप्रिया : वास येतोय त्याला.

पंचफुला : येऊ दे.

सुप्रिया : हवेचं मशीन बंद करते मग. आत आता काहीच नाही, उगाच बुडबुडतंय.

पंचफुला : चालू राहू दे. मुकेशच्या बाबाले त्या आवाजाबिगर झोप लागत नाही.