मामांच्या आवाजाचा मालक

आमच्या मामांचं ऐका. चाकणकडच्या घाटांत, म्हणजे गाडे पळवायच्या धावपट्ट्यांवर, बैलगाडा शर्यतीचं निवेदन तेच करतात. त्यांचा निवेदनाचा ऑनलाइन व्हिडिओ एकाएकी बंद झाला. तो चोरून आपल्या चॅनेलवर टाकणाऱ्या थेरगावच्या चॅनेलवाल्यानंच 'आवाज माझा आहे' अशी तक्रार केली होती. यात्रावाले व्हिडिओ बघूनच बोलावतात, म्हणजे मामांचा हंगामच जाणार होता. मी परदेशात शिकलेला सगळा कॉपीराइट कायदा ओतून दोन पानी उत्तर लिहायला घेतलं.

मामा म्हणाले, "तू लिही. मला त्याचा नंबर दे."

फोन लागताच मामा गरजले, "भिर्रर्र, सुटला गाडा, बाजूला व्हा पाव्हणं."

 पलीकडून आवाज आला, "मामा, तुम्हीच व्हय? तक्रार आत्ता मागं घेतो. पण हे रेकॉर्ड झालंय. चॅनेलवर टाकू का?"

मामा खुलले. "आता कसं इचारलंस. टाक."