नैसर्गिक होडी

परवा भोसरीत आमची ऑर्डर कशी गेली ते ऐक, राव. आम्ही होड्यांसाठी पर्यावरणपूरक सँडविच पॅनल बनवतो. वरखाली तागाचं कापड, मध्ये बुचाचा जाड थर. ते बघायला रत्नागिरीहून होड्या बांधणारे एक काका आले. आमचे सेल्सवाले सावंतसाहेब लगेच सुरू झाले, "काका, हे शंभर टक्के नैसर्गिक. प्लास्टिकसारखं वर्षानुवर्षं समुद्रात पडून राहत नाही. पाण्यात आपोआप कुजून जातं."

खरं तर ते तसं कुजत नाही. मी मागून दोनदा खोकलो, पण साहेब रंगात आले होते. "मागे काही म्हणजे काही उरत नाही," ते म्हणाले.

काकांनी पॅनल अलगद टेबलावर ठेवलं आणि शांतपणे विचारलं, "माणसं होडीत असताना, की उतरल्यावर?"