पेमाकाकाच्या घरातली तूर

शिवकन्या : मग आपलीच तुरीची खोली रिकामी कशी, बा? काल दिवाळीचं मेरा म्हणायला पोरींसोबत दिवा घेऊन अख्ख्या तांड्यात फिरले. पेमाकाकाच्या घरात तुरीची पोती आढ्याला टेकलीत. नाईकांकडंही तेच.

बाबूसिंग : आपली म्या पोळ्याआधीच विकली. जवळा बाजारात.

शिवकन्या : एकट्यानं? तांड्याचा माल तर एकाच टेम्पोत जातो.

बाबूसिंग : व्हय. वसराम नाईकाला इचारल्याबिगर कोनी पोतं हलवत न्हाई. म्या हलवलं.

शिवकन्या : काहून?

बाबूसिंग : तूच फोनवर बोलली व्हतीस. तिकडं आफ्रिकेत, मोझांबिकात, औंदा तूर लई पिकली. पोळा झाला की जहाजं येतील, भाव पडंल.

शिवकन्या : ते मी सगळ्यांसाठी सांगितलं होतं.

बाबूसिंग : ठाऊक हाय.

शिवकन्या : मग?

बाबूसिंग : पेमाच्या दारापस्तोर गेलतो. त्यो इचारनार, तुला कोनं सांगितलं. काय म्हनू? समद्याला सांगून बसलो, पोरगी नर्सिंगला हाय.

शिवकन्या : नर्सिंग?

बाबूसिंग : डोंगरकड्याच्या लग्नात पाव्हणे हसले. म्हनले, दिल्लीला जाऊन आफ्रिका शिकती, तिथं काय दुकान टाकायचंय का. मला लाज वाटली तुझी. तवापासून नर्सिंग.

शिवकन्या : म्हणून काल पद्माकाकी बीपी बघ म्हणत होती. मला वाटलं, चेष्टा करतेय.

(बाबूसिंग टोपी काढून बाजूला ठेवतो.)

शिवकन्या : दोन वर्षं झाली, बा. तिथला बाजार, तिथलं सरकार, तिथली शेती वाचतेय. कधीकधी मलाच वाटायचं, याचा आपल्या माणसांना काय उपयोग. पहिल्यांदा झाला, तर फायदा तू एकट्यानं खाल्लास.

बाबूसिंग : परवा पेमा म्हनला, बाबूसिंग नशीबवान, भाव पडायच्या आधी बराबर टायमाला विकली. च्या पाजला त्यानं. आता त्याच्या दारावरनं जायाचीबी लाज वाटती.

शिवकन्या : ऊठ. नाईकांकडं जाऊ.

बाबूसिंग : काय सांगू?

शिवकन्या : मला सांगितलंस तेच. पुढची जहाजं कधी येणार, ते मी सांगते.

बाबूसिंग : ते हसतील.

शिवकन्या : हसू दे.

बाबूसिंग : टोपी दे माझी. शिवकन्या, त्या मोझांबिकातल्या तूरवाल्याचं लेकरूबी आपल्याकडचं शिकत आसंल का?

शिवकन्या : असेल की एखादं.

बाबूसिंग : त्याचा बाप तरी सांगत आसंल गावाला.