हवेलीत विकलेलं आलं

(सन १९५५ चा माघ. झाशीजवळच्या बरुआसागरात, तळ्याखालचं आल्याचं शेत. सासू जानकी आणि सून दुर्गा दुपारच्या भाकरी घेऊन बांधावर आल्या आहेत.)

दुर्गा : आई, ढीग एकच आहे.

जानकी : मग किती असायला हवेत? जेवढं खणलं तेवढ्याचा एक ढीग.

दुर्गा : तसं नाही. इथे बाजूला बघा. माती ओली आहे, आल्याची साल पडलीय, टोपल्यांचे ठसे आहेत. इथे दुसरा ढीग होता, तो उचललाय. गाडी पण नाही, बैल पण नाहीत.

जानकी : दुसरा ढीग? दोन ढीग घातले त्यांनी?

दुर्गा : लगता तो यही है.

जानकी : अगं देवा. धर हे गाठोडं. मला बसू दे.

दुर्गा : बसा, बसा. झालं काय? मामंजी मंडीत गेले असतील.

जानकी : मंडीत? हा माणूस जन्मात मंडीत गेलेला नाही. तुला झाशीत, तुझ्या माहेरी खंडेराव गेटात बसून काय कळणार? इथे आलं खणलं की दोन ढीग घालायचे, अगदी सारखे. मग लालाजी काठी घेऊन यायचा.

दुर्गा : जमीनदार ठाकुरांचा कारिंदा, वसुली करणारा?

जानकी : तोच. दोन्ही ढिगांभोवती हिंडायचा आणि एकावर काठी टेकायचा. तो हवेलीचा. राहिला तो आमचा. आणि यांचे ढीग असे की लालाजी वैतागायचा, निवडायला त्याला काही ठेवायचेच नाहीत. लोक बघायला यायचे. यांच्या वडिलांनी तेच केलं, त्यांच्या वडिलांनीही तेच. यांचे पणजोबा झाशीच्या किल्ल्यावर बारगीर होते. सत्तावनचा गदर झाला, किल्ला गेला, ते पळत इथे आले आणि घोड्यावरून उतरले ते याच रानात. तेव्हापासून खणा आणि दोन ढीग घाला.

दुर्गा : पण आता कायदा झाला ना. जो जोततो, जमीन त्याची. मामंजींचं नाव चढलंय कागदावर, मी स्वतः वाचून दाखवलं.

जानकी : वाचून दाखवलंस ते कानांना. हातांना कुणी सांगितलं? हातांनी दोन ढीग घातले असतील. मग लालाजीची वाट बघत बसले असतील. तो येईना म्हटल्यावर बैल जुंपले आणि स्वतःच पोचवायला गेले.

दुर्गा : हवेलीत?

जानकी : आणखी कुठे?

दुर्गा : आई, सोमवारी तहसीलीत पेशी आहे, याच जमिनीच्या दाव्याची सुनावणी.

जानकी : ठाऊक आहे मला.

दुर्गा : ठाकूर जयसिंगांचा अर्जच तो आहे. ‘भीमराव शेत कसतो ते आमच्या वतीने, पीक आजही हवेलीतच येतं, मतलब शेत हवेलीचं.’ आपण म्हटलं, कायद्यानंतर एक दाणा गेला नाही. आणि आज मामंजी भर दिवसा, अर्ध्या गावादेखत अर्धं पीक घेऊन...

जानकी : पुरे गं. कळतंय मला. नाव चढलं तेव्हा सगळ्या आळीत मी गूळ वाटला. आता परत मागून आणू का?

दुर्गा : मी धावत जाते. वाटेत गाठते.

जानकी : कधीचे पोचले असतील. थांब. चाकं वाजतायत.

दुर्गा : मामंजीच आहेत. गाडी रिकामी आहे.

जानकी : आणि गातायत. ऐकलंस? गातायत.

भीमराव : काय गं, अशा मयतीला आल्यासारख्या काय बसल्यात दोघी? भाकरी आणली का?

जानकी : कुठे होतात?

भीमराव : हवेलीत.

जानकी : ऐकलंस, सूनबाई? तोंड वर करून सांगतायत.

भीमराव : आधी पाणी दे. घसा कोरडा पडलाय. आज इतकं बोललो की वर्षाचं बोलून झालं.

जानकी : पाणी नाही मिळणार. ढीग कुठे आहे ते सांगा.

भीमराव : सांगतो. पण मधे बोलायचं नाही. सूनबाई, तू साक्षी. ही मधे बोलली की मी थांबणार.

दुर्गा : नाही बोलणार त्या. सांगा तुम्ही.

भीमराव : सकाळी खणलं. आलं यंदा काय आलंय, पंजे बघ एकेक, लहान मुलाच्या हाताएवढे. मन खूश झालं. खूश झालं की माझं डोकं बंद पडतं आणि हातच चालतात. कधी दोन ढीग झाले, मला कळलंसुद्धा नाही. मागे सरून बघितलं, तर असे सारखे की मलाच अभिमान वाटला. मग बसलो.

जानकी : लालाजीची वाट बघत.

भीमराव : बोलली. बघ, बोलली.

दुर्गा : आई.

भीमराव : बसलो. ऊन वर आलं. लालाजी येईना. म्हटलं, हवेलीत लगीन आहे, ठाकुरांच्या नातीचं, विसरला असेल. आपणच नेऊन टाकू. गाडी भरली आणि निघालो. तुझी शपथ, कायदा, कागद, पेशी, काही म्हणून डोक्यात नव्हतं. रस्ताभर हेच, की त्यांच्या घरात कार्य आहे आणि आपल्यामुळे खोळंबायला नको.

जानकी : खोळंबायला नको म्हणे.

भीमराव : हवेलीच्या दारात पोचलो. आत मांडव, पंगत बसलेली, हलवाई बोंबलतोय. आणि समोरून लालाजी. मला बघून तो हसला.

दुर्गा : हसला?

भीमराव : हसला. म्हणाला, आओ भीमराव भैया. भैया म्हणाला मला. जन्मभर मला ‘ए दक्खिनी’ म्हणणारा माणूस. वर विचारतो, पाणी पिणार का. मी म्हटलं, ह्याला एवढं प्रेम कशाचं आलं? तेवढ्यात त्याने पंगतीतल्या दोघांना हाक मारली. इकडे या, म्हणाला, बघा, भीमराव हवेलीचा हिस्सा घेऊन आलाय.

जानकी : साक्षीला बोलावले त्याने.

भीमराव : साक्षीला. आणि तेव्हा डोकं उघडलं. सूनबाईने वाचून दाखवलं होतं ते सगळं एका दमात आठवलं. कायदा आठवला, पेशी आठवली आणि तुझा गूळ आठवला. लालाजी म्हणतोय, उतरवा माल. गडी टोपल्या धरायला आले.

दुर्गा : मग काय केलंत?

भीमराव : काही सुचेना. देवाशपथ काही सुचेना. तेवढ्यात वरून सज्ज्यातून म्हातारी ठकुराईन ओरडली. झाशीहून सिपरी बाजारातून आलं मागवलं होतं ते पोचलं नव्हतं, हलवाई चूल विझवून बसायच्या बेतात होता. तिने गाडी बघितली. म्हणाली, अदरक है का? मी म्हटलं, है. आणि पुढचं माझ्या तोंडून कुणी काढलं कुणास ठाऊक. मी म्हटलं, बेचबे लाए हैं.

जानकी : काय म्हणालात?

भीमराव : विकायला आणलंय म्हणालो.

जानकी : हवेलीला?

भीमराव : हवेलीला. सगळी पंगत वळून बघायला लागली. लालाजीचं तोंड उघडं. आणि म्हातारीने वरून विचारलं, का भाव?

दुर्गा : मामंजी!

भीमराव : सूनबाई, या वयापर्यंत मला कुणी भाव विचारला नव्हता. उरलेल्या ढिगाचा सौदासुद्धा लालाजीच ठरवायचा, आम्ही मान हलवायचो. मला भाव ठाऊकच नव्हता. ‘तुम्ही द्याल तो’ असं जिभेवर आलं होतं. अगदी दातांपर्यंत आलं होतं. गिळलं.

जानकी : मग?

भीमराव : मग तळ्याच्या घाटावर भाजीवाल्या बाया ओरडतात ना, तोच भाव सांगून टाकला.

जानकी : अहो, तो चिमूटभर आल्याचा भाव. चहात टाकायला घेतात तेवढ्याचा. गाडीभर मालाला कुणी तो भाव सांगतं?

भीमराव : म्हातारीही हेच म्हणाली. शब्द न् शब्द. खाली उतरून आली, गाडीपाशी उभी राहिली, पंजा मोडून वास घेतला आणि म्हणाली, लुटायला आलास काय. मी म्हटलं, माल बघा.

जानकी : तुम्ही? तुम्ही म्हणालात हे? माझ्या बापाने लग्नात लंगडा बैल दिला तो ‘छान आहे’ म्हणून घेऊन आलेला माणूस तुम्ही.

भीमराव : तो बैल बरा होता. बरं, ती भाव वाढवेना, मी थोडा उतरलो. ती म्हणाली आणखी. तेव्हा मला तू आठवलीस. बांगड्यावाल्याशी तू कसं करतेस? अर्ध्यात उठतेस आणि चालायला लागतेस.

दुर्गा : तुम्ही उठून चाललात?

भीमराव : बैल फिरवले. हवेलीच्या दारात, सगळ्यांच्या देखत, बैल फिरवून गाडी वळवली. पाय लटपटत होते, पण बैलांना काय त्याचं, ते निघाले. मला वाटलं, हाक आली नाही तर हे बैल घरीच जाऊन थांबतील. दारातून गाडी निम्मी बाहेर गेली, तेव्हा म्हातारीची हाक आली.

जानकी : मी असते तर पूर्ण बाहेर गेले असते.

भीमराव : तू असतीस तर ती हवेलीच विकत घेऊन आली असतीस. मला तेवढी छाती नव्हती. सौदा झाला. माल उतरला. पैसे हातात आले ते हे, पदरात बांध, मोजत बसू नकोस.

दुर्गा : आणि लालाजी?

भीमराव : लालाजी म्हाताऱ्या बाईच्या कानाशी लागला. हिस्सा है, हिस्सा है, असं पुटपुटत होता. ती म्हणाली, हिस्सा असता तर हा दारातून परत कशाला निघाला असता? माझं आलं जात होतं हातचं. तू जाऊन साखर बघ. तिला पेशीबिशीचं काही ठाऊक नव्हतं बहुतेक. तिला आलं हवं होतं.

जानकी : बायकांना चूल पेटलेली ठेवायची असते. बाकी सगळं पुरुषांचं खूळ.

दुर्गा : पण मामंजी, साक्षी? लालाजीने बोलावले ते दोघं कोण होते?

भीमराव : एक हलवायाचा मेव्हणा. दुसरा पटवारी.

दुर्गा : पटवारी? आपला लेखपाल, जमिनीच्या नोंदी ठेवणारा?

भीमराव : तोच, नाव काही असो. लग्नाला बोलावला होता त्याला, मानाने पहिल्या पंगतीत बसवला होता. पुरी हातात घेऊन उठून आला, साक्ष द्यायला. आणि सगळा भाव ऐकत उभा राहिला. शेवटी पुरीचा घास गिळला आणि लालाजीला म्हणाला, लालाजी, अपने ही खेत की अदरक हवेली कब से खरीदने लगी?

दुर्गा : असं म्हणाला? सगळ्यांसमोर?

भीमराव : सगळ्यांसमोर. पंगत अशी हसली की मांडव हलला. ठाकूर आतून बघत होते, तेही मिशीत हसले असं मला वाटलं. नसतीलही.

दुर्गा : आई, आता सोमवारी ते काय बोलणार? हवेलीने स्वतः भाव करून माल घेतला. लेखपाल तिथे उभा. लालाजीने साक्षीदार बोलावला तो आपलाच झाला.

जानकी : हसू नकोस गं इतकं, पोटात दुखेल. मला सांग, आता जमीन जाणार नाही ना?

दुर्गा : कशाला जाईल? पेशी होईल, पण आता डर कशाची? तहसीलदार हेच विचारणार, पीक कुणी विकलं. विकलं मामंजींनी.

जानकी : तरी गेला होतात ते हिस्सा द्यायलाच. ते मी विसरणार नाही हं.

भीमराव : विसरू नकोस. पण आता पाणी दे.

जानकी : घ्या. आणि ही भाकर. ठेचा आहे, आणि काल राहिलेलं भरीतही आहे. सूनबाई, तूही बस. आज घरी जाऊन कुणाला काय करायचंय.

दुर्गा : संध्याकाळी हे रेल्वेच्या वर्कशॉपमधून येतील, तेव्हा मी सांगणार आहे सगळं. विश्वासच नाही बसणार यांचा.

भीमराव : मधुसूदनला सांगताना बैल वळवले ते नीट सांग. ते महत्त्वाचं आहे. आणि माझे पाय लटपटत होते ते गाळ.

जानकी : मी सांगेन ते.

भीमराव : मला वाटलंच.

जानकी : अहो, हे उरलेलं रान खणून झालं की रिकामंच होणार. पुढच्या साली काय लावायचं?

भीमराव : लालाजी सांगेल ते...

दुर्गा : मामंजी.

भीमराव : हो, हो. सवय आहे बाई. जाईल हळूहळू. काय लावायचं म्हणतेस? हा वरचा तुकडा आल्याला चांगला आहे, तळ्याचं पाणी झिरपतं. खालचं मात्र दरसाल उगाच आल्याखाली घालायला लावायचे. मला नेहमी वाटायचं, तिथे दुसरं काहीतरी यावं. काय यावं, तेवढा विचार मी कधी केला नाही. करून उपयोग काय होता?

जानकी : मग आता करा.

भीमराव : करतो. पण एकट्यानेच कशाला? तू काय लावशील तिथे?

जानकी : मी?

भीमराव : तूच. माझ्याबरोबर जन्मभर तूच खुरपलंस.

जानकी : मला विचारताय? थांबा. सरका जरा तिकडे, मला आधी बसू द्या.