आक्काकडं ठेवलेलं कार्ड

तुम्ही हसाल, पण माझ्या फोटोंची दुसरी प्रत निपाणीत विडीच्या पानात असायची.

मी कॅमेरा घेऊन लई भटकतो, पण कम्प्युटर बरोबर वागवत न्हाय. कॅमेरा फोनला जोडून फोटो दुसऱ्या मेमरी कार्डावर उतरवायचे. बेळगावहून पुढं जाताना बस निपाणीच्या स्टँडवर थांबली की खिडकीतनंच ते कार्ड आक्काच्या हातात द्यायचं. आक्का म्हणजे माझी थोरली बहीण. घरी विड्या वळते.

एकदा कोल्हापुरात कॅमेऱ्याची बॅगच चोरीला गेली. लगेच फोन लावला, "आक्का, कार्ड गाडीवाल्याकडनं पाठवून दे."

"न्हाय पाठवत. तूच ये न्यायला."

गेलो. तिनं पत्र्याच्या डब्यातनं कार्ड काढलं. पानात गुंडाळून वर दोरा बांधलेला!

"अगं, हे काय?"

"भर पावसात तंबाखू सादळू देत न्हाय मी. तुझं फोटू कसं सादळतील?"

जेवायला घातलं, मुक्कामाला ठेवून घेतलं. तवापासनं दर वेळी कार्ड न्यायला निपाणीत उतरायचं, हे ठरूनच गेलं.

गेल्या महिन्यात मी हौसेनं सांगितलं, "आक्का, आता फोटो आपोआप नेटवर जात्यात. कार्ड ठेवायची गरज न्हाय."

"बरं झालं की रं," म्हणाली. "मग आता निपाणीत उतरशील कशाला?"

परवा उतरलो. कोरं कार्ड तिच्या हातात दिलं. "लई महत्त्वाचं हाय, जपून ठेव."

कार्डाच्या मापाचं पान तिनं आधीच कातरून ठेवलं होतं.