काकूंच्या ताकातली काळी वडी

आमच्याकडे ताक पिण्याआधी सगळे पातेल्यात वाकून बघतात, त्याचं कारण सांगते. माझा चुलतभाऊ सुरेशदादा कराडला इंजिनिअरिंगला होता. सुट्टीत पलूसला येताना त्याने कॉलेजातून साबणाच्या वडीएवढी एक काळी वडी आणली. सिलिकॉन आणि नायट्रोजन यांच्या संयुगाची ती होती.

"सिलिकॉन वाळूत असतो आणि नायट्रोजन हवेत," त्याने मला समजावलं. "लालबुंद तापवून गार पाण्यात टाकली तरी ही तडकत नाही म्हणे. सोमवारी सरांसमोर तेच दाखवायचंय. पण एकच तुकडा हाय. आधीच तडकला तर माझं वर्ष गेलं."

रविवारी आम्ही जेवायला बसलो होतो. काकूंनी, म्हणजे दादाच्या आईने, चिमट्याने चुलीतून काहीतरी लाल काढलं आणि ताकाच्या पातेल्यात सोडलं. चर्र आवाज झाला. माझा घास हातातच राहिला. दादा पांढराफटक पडला.

"आई, काय टाकलंस त्यात?"

"खापर. तापलेलं खापर टाकलं की ताकाला लय चव येती."

दादाने पळीने वडी बाहेर काढली, खिडकीशी नेऊन उलटसुलट बघितली. एकही चीर नव्हती.

"एकदाच तापवलीस म्हणून वाचली," तो खाली बसत म्हणाला.

"एकदाच कुठलं रं? तू आल्यापास्नं रोज टाकतीय, आन् धुऊन तुझ्या पिशवीत ठेवतीय. आपली खापरं दोन दिवसांत फुटत्यात. सरांस्नी इचार, आणखी एक मिळंल का."