वस्तीला झालेली संध्याकाळ

...आणि वर मलाच विचारते, "डावा की उजवा?" आता काय बोलणार माणूस! घरातला कर्ता भाऊ जाऊन उणेपुरे बावीस दिवस झालेले, आई भिंतीकडे तोंड करून पडलेली, वहिनी सकाळपासून एकच पातेलं घासतेय, घासतेय, त्याला भोक पडायची वेळ आलेली, आणि दारात ही बाई उभी! गळ्यात पट्टा, पट्ट्याला स्वतःचाच फोटो, काखेत फॉर्मांचा गठ्ठा. "दादा, तुमचा गुडघा डावा दुखतो की उजवा?" म्हटलं, बाई, माझा कुठलाच दुखत नाही. तर म्हणते, "नीट आठवा. घाई नाही."

घाई नाही! तिला घाई नाही!

थांबा, तुम्हाला पहिल्यापासून सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल हा डोक्यावर पडलाय. आमच्या चौकापलीकडे एक धर्मादाय हॉस्पिटल आहे. वाईट नाही हं, मी वाईट म्हणणार नाही. नफा घेत नाहीत, गरिबाला हाकलत नाहीत, फरशी अशी लख्ख की चप्पल काढावी का कळत नाही. तर त्यांचा एक नेम आहे. दर तीन वर्षांनी वस्तीत फिरायचं, घरोघर विचारायचं, बाबांनो, तुमच्या तब्येतीची गरज काय? मग सगळ्याचा एक जाड अहवाल करायचा आणि त्याप्रमाणे तीन वर्षं कामाला लागायचं. आता यात चुकलं कुठे? कुठेच नाही! फक्त एवढंच, की विचारणाऱ्या बाईची ड्युटी सकाळी अकरा ते दुपारी चार. आता अकरा ते चार आमच्या वस्तीत घरी असतं कोण, सांगा? बोला ना! धडधाकट माणूस कामावर, बायका कामावर, पोरं शाळेत. घरी राहिले म्हातारे. आणि म्हाताऱ्याला विचारलं, काय दुखतं, तर तो काय सांगणार?

वस्तीची गरज काय? तर गुडघे!

मी घरी कसा सापडलो म्हणाल, तर मी तेव्हा कामावर जातच नव्हतो. कशाला जायचं? उठायचं, बसायचं, परत आडवं व्हायचं. बाई बिचारी तशी गरीब स्वभावाची. फॉर्म वाचत होती. "गेल्या वर्षभरात घरात कुणी आजारी होतं का?" म्हटलं, होता. माझा मोठा भाऊ. "काय होत होतं?" छातीत दुखायचं. "मग आता कसे आहेत?" म्हटलं, वारला. बाईने पेन थांबवलं. मला वाटलं, आता दोन शब्द बोलेल. तिने फॉर्म उलटा केला, सुलटा केला, मग हळूच विचारते, "म्हणजे... आता आजारी नाहीत ना?"

मी म्हटलं, नाही.

तिने लिहिलं, "सध्या आजारी: कोणी नाही."

अहो, बरोबरच आहे! मेलेल्या माणसाची गरज काय असणार? त्याला रकानाच नाही! आजारी असला तर रकाना, बरा झाला तर रकाना, मेला की फॉर्मच्या बाहेर. "असं करू," बाई म्हणाली, "घर रिकामं सोडता येत नाही, मी आईंच्या नावे गुडघा लिहिते." आई आतून ओरडली, "माझे गुडघे उत्तम आहेत गं!" बावीस दिवसांत आई पहिल्यांदा बोलली. पण बाईने लिहून टाकलं होतं. डावा.

आता दादाचं ऐका. दादा पुठ्ठ्याच्या खोक्यांच्या कारखान्यात. सुट्टी पाचला. कारखान्यापासून हॉस्पिटल पायी वीस मिनिटं, आणि हॉस्पिटलची केसपेपरची खिडकी बंद होते पाचला. आता तुम्ही शिकलेली माणसं, मला हे गणित सोडवून द्या. मी चौथीतून पळालेला माणूस, मला ते अजून सुटलेलं नाही. दादा पळत जायचा. पाच वाजून सतरा, पाच वाजून सोळा. एकदा म्हणे पाच वाजून तेरा मिनिटांनी पोचला, छाती धरून, घामाने निथळत, पण चेहऱ्यावर काय आनंद, "आज चार मिनिटं कमी केली रे!" छातीत दुखतंय म्हणून डॉक्टरकडे जायचं आणि डॉक्टर गाठायला पळत सुटायचं! खिडकीतला कारकून काय म्हणणार? "उद्या या." आणि दादा काय म्हणायचा? "ठीक आहे. उद्या लवकर निघतो." कुठून निघतो? मुकादम अर्ध्या दिवसाची सुट्टी देतो होय? मुकादमाचं एकच, "छातीत दुखतंय? मग हाताने काम कर, छातीने कुणी सांगितलंय?"

असं पाच वेळा झालं. सहाव्या वेळी दादा मला म्हणाला, "तू उद्या रिकामा आहेस ना? चारला जाऊन माझ्या नावाचा केसपेपर काढून ठेव. पेपर निघालेला असला की डॉक्टर उशिरापर्यंत बघतात, मी येतो मागून." म्हटलं, काढतो की.

विसरलो.

काही नाही, साधं विसरलो. झोपलो होतो.

...तर ते असो. नंतर आठ दिवसांनी तो कारखान्यातच पडला, दुपारी जेवणाच्या सुट्टीत, आणि गाडीत घालून त्याला हॉस्पिटलमध्ये आणला तेव्हा सव्वादोन वाजले होते. सव्वादोन! खिडकी सताड उघडी. दादा पहिल्यांदाच वेळेत पोचला. डॉक्टरांनी केलं हो, सगळं केलं, मी डोळ्यांनी बघितलं, चार-चार माणसं त्याच्या छातीवर... पण उशीर झाला होता म्हणाले. सव्वादोनला! म्हणजे पाचनंतर गेलं तरी उशीर, पाचच्या आत गेलं तरी उशीर. मग वेळेत म्हणजे नक्की कधी जायचं, ते कुठल्या पाटीवर लिहिलंय?

आणि वस्तीची गरज काय? तर गुडघे!

पुढे तर कमालच झाली. हॉस्पिटलने वस्तीची सभा बोलावली. कधी? सकाळी अकराला! मी गेलो. मला बोलावलं नव्हतं, पण अंगात आलं की मला बोलावणं लागत नाही. सभागृहात चहा, बिस्किटं, पंखे, आणि वस्तीचे प्रतिनिधी म्हणून सात आजोबा आणि पाच आज्या. मागे मोठा फलक. पेंटरला जागा कमी पडली असणार, कारण फलकावर लिहिलेलं, "चला, घडवू गुडघेमुक्त वस्ती." अध्यक्ष उठले. अध्यक्ष म्हणजे देवमाणूस हं, पांढरे केस, आवाज असा की ऐकता ऐकता झोप लागावी. "बंधुभगिनींनो, या पाहणीत वस्तीत एकूण सहाशे अठरा दुखरे गुडघे आढळले आहेत." टाळ्या! आता दुखऱ्या गुडघ्यांना टाळ्या कशाला? "प्रत्येक घराला आपण गुडघ्याचा एक पट्टा देणार आहोत." एक आजी उठली, "आणि दुसऱ्या पायाचं काय?" अध्यक्ष म्हणाले, "तो पुढच्या तीन वर्षांत."

आणि मी उठलो. मला काय बोलायचं होतं मला माहीत नव्हतं, खरं सांगतो, पाय आपोआप उठले. म्हटलं, "माझा भाऊ गुडघ्याने नाही मेला!"

एका आजोबांचं बिस्किट चहात पडलं, तेवढाच आवाज.

म्हटलं, "तो तुमच्या खिडकीने मेला. म्हणजे खिडकीने नाही... पाच वाजल्यामुळे मेला. ती खिडकी रात्री आठपर्यंत उघडी ठेवा. बाकी मला काही नको, पट्टासुद्धा नको!" अध्यक्षांना राग आला नाही. हेच वाईट, राग आला असता तर भांडता आलं असतं. जवळ आले, खांद्यावर हात ठेवला, म्हणाले, "बाळा, मला पटतंय. पण ही तुझ्या एका घराची मागणी. वस्तीची गरज म्हणायची तर आकडा लागतो. आकडा आहे का तुझ्याकडे?"

म्हटलं, आकडा पाहिजे? आणतो आकडा! आणि निघताना त्या गुडघेवाल्या बाईच्या टेबलावरचा कोऱ्या फॉर्मांचा गठ्ठा उचलला तो थेट शर्टात घातला. बाईने बघितलं. अडवायचं सोडून पेन दिलं. चांगली होती हो बाई!

त्या दिवसापासून रोज संध्याकाळी सात वाजले की मी जिने चढतोय. दार वाजवायचं, "हॉस्पिटलकडून आलोय, तुमची गरज काय?" पहिल्या घरात शिंपी. नुकता आलेला, ताटावर बसलेला. म्हणतो, "माझी गरज? तू जा, एवढीच." पण मग हात धुऊन बाहेर आला, "थांब. डोळ्यापुढे अंधारी येते. सुई ओवता येत नाही. पण दुकान कोण बंद करणार?" लिहिलं. पुढच्या घरात बेकरीवाला, त्याला सहा महिने खोकला. "दाखवलंस का?" "कधी दाखवू? मी भट्टीतून सुटतो तेव्हा डॉक्टर सुटलेला असतो." लिहिलं. वरच्या मजल्यावर घरकाम करणारी मावशी, तिला विचारलं, मावशी, तुला काय होतंय? ती म्हणाली, "अरे, मला काय होतंय ते कळायलासुद्धा एक सुट्टी लागेल!"

आता मला लिहायला वेळ लागतो. अक्षर म्हणजे कोंबडी नाचल्यासारखं. खोकला लिहायचा तर अर्धा फॉर्म खोकल्यातच जायचा. मग मी युक्ती केली. शेवटी एक चौकोन होता, "इतर". सगळ्यांच्या फॉर्मवर त्या चौकोनात एकच शब्द लिहीत गेलो, संध्याकाळी. म्हणजे काय, तर यांना संध्याकाळी यायचंय, खिडकी संध्याकाळी उघडी ठेवा. साधं आहे की नाही? लहान पोरालाही कळेल!

दोनशे सहा फॉर्म झाले. नेऊन दिले. तिथे कॉम्प्युटरवर एक पोरगी बसते, तिच्यापुढे आजारांची यादी. मी "इतर"मध्ये लिहिलेलं तिने बघितलं, यादीत शोधलं, सापडेना. मग तिने काय करावं? नवा आजार उघडला! नाव: संध्याकाळ. रुग्ण: दोनशे सहा.

हसू नका! छापून आलं! अहवालात आलं! गुडघ्याच्या खालोखाल, दोन नंबरला. पुढच्या सभेत अध्यक्ष गंभीर आवाजात वाचतायत, "वस्तीत संध्याकाळ मोठ्या प्रमाणावर आढळून आली आहे. विशेष चिंतेची बाब म्हणजे, कामकरी माणसांत ती अधिक आहे." आजोबा लोक घाबरले. एकाने विचारलं, "साहेब, ही लागण होऊन पसरते का?" एक आजी म्हणाली, "मला पण होते. रोज होते. दिवे लागायच्या सुमाराला." तिथे एक डॉक्टरीणबाई होत्या, नवीनच आलेल्या, त्यांनी अहवाल घेतला, वाचला, माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली. मला वाटलं, आता दोनशे सहाही गेले पाण्यात. तर त्या उठल्या आणि एकदम शांतपणे म्हणाल्या, "साहेब, आजार खरा आहे. मी पाहिलाय. यावर एकच उपाय, ओपीडी सहा ते आठ." अध्यक्ष म्हणाले, "नाहीतर?" त्या म्हणाल्या, "नाहीतर माणूस जातो."

मंजूर! तीन महिन्यांसाठी, चाचणी म्हणून मंजूर! घरी येऊन वहिनीला सांगितलं. वहिनीने पातेलं खाली ठेवलं. म्हणाली, "आता उघडली होय?" बस, एवढंच म्हणाली. मी बाहेर जाऊन जिन्यात बसलो.

आता खिडकीत बसणार कोण? कारकून म्हणाला, "मी पाचला सुटतो, माझी पण संध्याकाळ आहे." मग सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. झालं! चौथीतून पळालेला माणूस, केसपेपरच्या खिडकीत! अध्यक्षांनी बजावलं, "हे बघ बाळा, नियम म्हणजे नियम. चाचणी आहे. भिंतीवरच्या घड्याळात आठ वाजले की खिडकी बंद. नाहीतर पुढच्या वेळी मला मंजुरी मिळणार नाही." म्हटलं, शब्द दिला साहेब. आठ म्हणजे आठ.

पहिला दिवस. एक्केचाळीस माणसं! शिंपी आला, बेकरीवाला आला, मावशी आली, तिला काय होतंय ते कळलं, थायरॉइड. मी मान मोडून लिहितोय. आठला पाच मिनिटं, आठला दोन, आठ. वॉचमन आला, "चला, लावा खिडकी." मी हात वर केला, आणि दारातून एक माणूस आत आला. लाकडाच्या वखारीतला असणार, केसांत, भुवयांत, सगळीकडे भुसा. पळत आलेला. छातीवर हात. आधी माझ्याकडे बघितलं नाही, घड्याळाकडे बघितलं. मग म्हणाला, "झालं का बंद? बरं, काही नाही. उद्या लवकर निघतो."

आता तुम्ही माझ्या जागी असता तर काय केलं असतं? शब्द दिलेला! नियम म्हणजे नियम! मी स्टूल ओढलं, वर चढलो, आणि घड्याळाचा काटा मागे नेला. साडेसात. खाली उतरलो. म्हटलं, "या हो, बराच वेळ आहे. नाव सांगा." वॉचमनने घड्याळाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि आपली काठी घेऊन परत दाराशी जाऊन बसला. आतून डॉक्टरीणबाईंनी हातावरचं घड्याळ काढून पर्समध्ये टाकलं आणि आवाज दिला, "पुढचा!"

परवा अध्यक्ष आले होते. "काय बाळा, आठला बंद करतोस ना रे खिडकी?" मी म्हटलं, म्हणजे काय साहेब! आठ वाजले रे वाजले की लगेच बंद. घरी आई रोज ताट झाकून बसते, रोज विचारते, "एवढा उशीर कशाने होतो रे तुला?" आता तिला कसं समजावू? महिना झाला मला त्या खिडकीत बसून... अजून काही आठ वाजलेले नाहीत.